बशीतला शेजार

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेला, कुंपणालगत, पडीक रानात पोकवीड नावाचं झुडूप कुणी न लावता उगवतं. लालसर देठ आणि उन्हाळा सरता सरता लगडलेले काळ्या-जांभळ्या फळांचे घोस. झाड मुळापासून फळापर्यंत विषारी. दक्षिणेकडच्या राज्यांत त्याचा कोवळा पाला दोन-तीनदा पाणी बदलून उकळतात आणि मगच भाजी करतात. आपल्याकडे सुरण आमसुलाशिवाय शिजवत नाहीत, तशातलीच ही खबरदारी. फळांच्या वाटेला जाणती माणसं जात नाहीत. मुलं जातात.

१९६०च्या दशकाच्या मध्यावर ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात बार्बरा बार्कर आणि पॅट्रिशिया फार्न्स या संशोधक पोकवीडच्या मागे लागल्या होत्या. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बशीत ठेवून त्यांवर या झाडाचा अर्क टाकला, की एरवी निपचित पडून राहणाऱ्या पेशी फुगतात आणि विभागू लागतात, हे त्यांच्या गटाने १९६४ मध्ये दाखवलं होतं. पुढे त्यांनी फळं खाल्लेल्या मुलांचं रक्त काचपट्टीवर पसरून पाहिलं. त्यात चक्क प्लाझ्मा पेशी फिरत होत्या. या पेशी एरवी प्लीहेत, लसिकाग्रंथींत, हाडांच्या मगजात ठाण मांडून असतात. रक्तात त्या क्वचितच भेटतात. त्यांचं काम एकच, प्रतिपिंडं बनवून बाहेर ओतायची, तीही सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने.

रानातल्या त्या फळात असं काहीतरी होतं, जे शरीराचा हा कारखाना कुठलाही रोगजंतू समोर नसताना चालू करत होतं. मग हीच पेशी शरीराबाहेर काढून, बशीत ठेवून, हवं तेव्हा कामाला लावता येईल का? या प्रश्नापायी कित्येक प्रयोगशाळांची कित्येक वर्षं गेली.

प्रतिपिंडांची ओळख तोवर जुनी झाली होती. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत एमिल बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्येच सिद्ध केलं होतं, की धनुर्वाताचं विष पचवायला शिकलेल्या प्राण्याचं रक्तजल दुसऱ्या प्राण्याला टोचलं तर तोही वाचतो. त्यातून घोड्यांचे तबेले उभे राहिले. घोड्याला विषाची मात्रा थोडी थोडी वाढवत टोचायची, मग त्याचं रक्त काढायचं आणि रक्तजल बाटलीत भरायचं. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने सर्पदंशावरचं औषध याच वाटेने बनवलं. १९६६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवातही घोड्यांच्याच जिवावर झाली. संस्थेच्या नावातलं ‘सीरम’ म्हणजे हेच रक्तजल.

औषध हाती होतं. ते नेमकी कोणती पेशी बनवते, हे मात्र पन्नासेक वर्षं कुणालाच सांगता येत नव्हतं.

ते कोडं स्टॉकहोममध्ये सुटलं. अ‍ॅस्ट्रिड फॅग्रेयस यांनी १९४८च्या आपल्या प्रबंधासाठी लस टोचलेल्या सशांच्या प्लीहा काढल्या. प्लीहेत एक लालसर भाग असतो आणि त्यात पांढरट ठिपके असतात. दोन्हींचे बारीक तुकडे त्यांनी वेगवेगळे केले आणि पोषक द्रवात ठेवले. लाल तुकड्यांमधून भरपूर प्रतिपिंडं झरली, पांढऱ्यांमधून फारच कमी; आणि लाल तुकड्यांतच प्लाझ्मा पेशींची दाटी होती. एका प्रयोगात दोन गोष्टी पदरात पडल्या. कारागीर कोण ते कळलं, आणि तो शरीराबाहेरही काम करतो हेही दिसलं. तरी एक मेख होती. त्या सशांना लस आधीच टोचलेली होती. कामाची मागणी शरीरात असतानाच नोंदवली गेली होती, बशीत फक्त उरलेला माल तयार झाला. बशीतल्या पेशीला पहिल्यांदाच काही नवं दाखवायचं आणि तिने तिथल्या तिथे प्रतिपिंड घडवायचं, हे अजून दूर होतं.

त्या काळी रक्तातल्या लिम्फोसाइट या लहानशा गोल पांढऱ्या पेशींकडे कुणी फारसं लक्ष देत नसे. विभागत नाहीत, हलत नाहीत, म्हणजे आयुष्य संपत आलेल्या पेशी, असा सर्वसाधारण समज होता. तो मोडला फिलाडेल्फियात, एका घेवड्यामुळे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले पीटर नॉवेल रक्ताच्या कर्करोगातल्या पेशींची गुणसूत्रं पाहत होते. रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, तर तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून त्या तळाशी बसवाव्या लागत, आणि त्यासाठी प्रयोगशाळेत राजम्याचा अर्क वापरला जाई. सातारा जिल्ह्यात कोरेगावकडे पिकणारा वाघ्या घेवडा याच जातीचा. कच्चा राजमा खाल्ला तर उलट्या होतात, त्यालाही हेच प्रथिन कारणीभूत. नॉवेल यांना दिसलं, की निरोगी माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइटही बशीत तीन-चार दिवसांनी विभागू लागतात. असं व्हायचं कारण काय, हे शोधता शोधता बोट राजम्याच्या अर्काकडे वळलं. नुसता गाळणीसारखा वापरलेला पदार्थ पेशींना जागं करत होता. नॉवेल यांनी हे १९६० मध्ये छापलं आणि ‘मेलेल्या’ समजल्या जाणाऱ्या पेशींवर एका रात्रीत सगळ्यांचं लक्ष गेलं.

घेवड्याने पेशींना जाग आली खरी, पण त्या काही प्रतिपिंडांच्या कामाला लागल्या नाहीत. जाग्या झालेल्या बहुतेक पेशी दुसऱ्याच कुळातल्या होत्या, हे नंतर उमगलं.

पुढची मजल उंदरांच्या पेशींनी गाठून दिली. आधी मोजमापाचं साधन आलं. पिट्सबर्गमध्ये नील्स येर्ने आणि अल्बर्ट नॉर्डिन यांनी १९६३ मध्ये एक साधीशी युक्ती काढली. मेंढीच्या तांबड्या पेशी टोचलेल्या उंदराची प्लीहा घ्यायची, तिच्या पेशी सुट्या करायच्या, मेंढीच्याच तांबड्या पेशींबरोबर अगारच्या पातळ थरात पसरायच्या आणि वर गिनीपिगचं रक्तजल ओतायचं. जी पेशी प्रतिपिंड सोडत असेल तिच्या भोवतालच्या तांबड्या पेशी फुटतात आणि लाल थरात एक स्वच्छ, गोल टिकली उमटते. टिकल्या मोजल्या की कारागीर मोजले. तोवर रक्तजलातली सरासरी पाहणाऱ्यांना आता एकेक पेशी दिसू लागली.

कॅलिफोर्नियात ला होया इथे रॉबर्ट मिशेल आणि रिचर्ड डटन यांनी या टिकल्यांच्या आधाराने ते दूरचं काम साधलं. काहीच न टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतल्या पेशी त्यांनी सुट्या केल्या, मेंढीच्या तांबड्या पेशी बशीतच त्यांच्यापुढे ठेवल्या, आणि चार-पाच दिवसांत टिकल्या उमटल्या. १९६६ आणि १९६७ मधले त्यांचे लेख पुढे कित्येक वर्षं पाककृतीसारखे वापरले गेले. ती पाककृतीही तशीच नाजूक होती. एका मिलिलिटरमध्ये कोटभराहून जास्त पेशी कोंबायच्या. बशी पाळण्यासारखी सावकाश हलवत ठेवायची. हवेत ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त. पेशींना रोज ताजं खाद्य भरवायचं. गायीच्या गर्भातलं रक्तजल हवं, तेही प्रत्येक खेपेचं चालत नसे. एखादी गुणी खेप सापडली की प्रयोगशाळा ती जिवापाड जपत.

एवढी गर्दी कशाला? पेशी विरळ पसरल्या की काम बंद पडे, हे सगळ्यांच्या अनुभवाचं होतं. डोनाल्ड मोझियर यांनी १९६७ मध्ये बशीच्या तळाला चिकटणाऱ्या पेशी आणि न चिकटणाऱ्या पेशी वेगळ्या केल्या. एकटा कुठलाच गट प्रतिपिंड बनवेना. दोन्ही पुन्हा एकत्र केले, की काम सुरू. त्याच सुमारास डेन्व्हरमध्ये हेन्री क्लॅमन यांनी उंदरांवर दाखवलं, की छातीतल्या थायमस ग्रंथीतून येणाऱ्या पेशी आणि हाडाच्या मगजातल्या पेशी यांची जोडी जमली तरच प्रतिपिंडं भरपूर मिळतात. पहिल्या त्या टी-पेशी, दुसऱ्या बी-पेशी. प्रतिपिंड बी-पेशी बनवते, पण टी-पेशीने खूण केल्याखेरीज ती सहसा हात चालवत नाही, आणि टी-पेशीला शत्रूचा तुकडा आणून दाखवायला तिसरी, तळाला चिकटणारी पेशी लागते. मिशेल-डटन यांच्या बशीतली गर्दी म्हणजे या तिघींचा शेजार होता.

माणसाच्या बाबतीत गाडं इथेच अडत होतं. उंदराची प्लीहा काढता येते, माणसाचं फक्त रक्त मिळतं. रक्तात बी-पेशी मुळातच थोड्या. उंदराच्या बी-पेशी जंतूंच्या कवचातल्या एका पदार्थाने लगेच चेतवता येतात. माणसाच्या बी-पेशी त्याला दाद देत नाहीत. उंदराला मुद्दाम टोचून तयार करता येतं, माणसाला नाही. या अडचणीतून वाट काढायला पोकवीड कामाला आलं.

वाट काढणारे होते डॉक्टर, आणि त्यांच्यासमोर होते रुग्ण. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये आठ वर्षांच्या एका मुलाचं निदान केलं होतं. त्याला जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होई, कारण रक्तातला प्रतिपिंडांचा अंश जवळपास शून्य होता. तशाच दुसऱ्या काही आजारांत प्रौढपणी प्रतिपिंडं आटतात, आणि गंमत म्हणजे बी-पेशी मात्र रक्तात दिसतात. कारागीर हजर असताना कारखाना बंद का? बेथेस्डातल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये थॉमस वॉल्डमन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या पेशी पोकवीडच्या अर्कात आठवडाभर वाढवल्या. निरोगी माणसाच्या पेशींनी बशीत प्रतिपिंडं सोडली, रुग्णाच्या पेशींनी सोडली नाहीत. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण काही रुग्णांच्या पेशी निरोगी पेशींत मिसळल्या तर निरोगी पेशींचंही काम थंडावलं. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की शेजारी जसा चालना देतो तसा लगामही घालतो.

लगाम घालणाऱ्या टी-पेशींची ती पहिली कल्पना नंतरच्या दशकात बरीच बदनाम झाली. वेगळ्या पुराव्यांनी ती नव्या रूपात परतली, आणि शिमोन साकागुची, मेरी ब्रुंकाव व फ्रेड रॅम्सडेल यांना त्या कामासाठी २०२५चं नोबेल मिळालं. वॉल्डमन यांच्या बशीची उपयुक्तता मात्र कधीच वादात नव्हती. त्याच बेथेस्डात १९७६ मध्ये एका तरुण डॉक्टराने येर्ने यांची टिकल्यांची पद्धत माणसाच्या पेशींना लावली आणि पोकवीडने चेतवलेल्या बी-पेशी एकेक करून मोजल्या. त्या डॉक्टराचं नाव अँथनी फौची. कोविडच्या वर्षांत जगाने त्यांना दूरचित्रवाणीवर पाहिलं. त्याच्या चव्वेचाळीस वर्षं आधी ते मेंढीच्या रक्तातल्या टिकल्या मोजत होते.

पोकवीडची एक मर्यादा कुणाच्या नजरेतून सुटली नाही. बशीतून टी-पेशी काढून घेतल्या की त्याचा प्रतिपिंडांवरचा असर जवळपास संपत असे. म्हणजे विषारी फळही शेजाऱ्याच्या हातूनच काम करून घेत होतं. शिवाय ते सगळ्यांनाच उठवे. गोवराची, धनुर्वाताची, कसलीही प्रतिपिंडं मिसळून मिळत, आणि आठ-दहा दिवसांत पेशी मरून जात.

शेजाऱ्याला न विचारता, कायमचं काम करून घेणारा एक पाहुणा दुसऱ्याच दिशेने येऊन ठेपला होता. युगांडात शल्यचिकित्सा करणाऱ्या डेनिस बर्किट यांनी मार्च १९६१ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्याख्यान दिलं. आफ्रिकी मुलांच्या जबड्याला होणाऱ्या एका गाठीचं त्यांनी वर्णन केलं. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन होते. या गाठीमागे विषाणू असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे लंडनला येऊ लागले. दोन वर्षं हाती काही लागलं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळवलं गेलं. तुकडा पोचला तेव्हा बाटलीतलं पाणी गढूळ झालं होतं. जंतू पडले म्हणून फेकून द्यायची वेळ. एप्स्टाइन यांनी आधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गढूळपणा होता सुट्या, तरंगणाऱ्या, जिवंत पेशींचा. इवॉन बार यांनी त्या वाढवल्या, बर्ट अचोंग यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम सांभाळलं, आणि मार्च १९६४ मध्ये एप्स्टाइन-बार विषाणू जगापुढे आला.

हा विषाणू बी-पेशीत शिरतो आणि तिला बशीत न थकता वाढायला लावतो, हे फिलाडेल्फियात वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्याच्या प्रयोगशाळेत १९६७ च्या सुमारास स्पष्ट झालं. स्टॉकहोममध्ये मायकल स्टाइनिट्झ आणि जॉर्ज क्लाइन यांनी फिनलंडच्या सहकाऱ्यांबरोबर १९७७ मध्ये पुढची चाल खेळली. माणसाच्या रक्तातून ठरावीक रसायनाला चिकटणाऱ्या बी-पेशी त्यांनी आधी वेचून काढल्या आणि मग त्यांना विषाणूची लागण केली. त्या पेशी वाढत राहिल्या, आणि त्याच रसायनावरचं माणसाचं प्रतिपिंड बशीत झरत राहिलं.

यश होतं, पण लंगडं. शंभर बी-पेशींतल्या दोन-चारच विषाणूला वश होत. ज्या होत त्यांतल्या बऱ्याच काही महिन्यांत प्रतिपिंड सोडणं बंद करत. शिवाय बहुतेक प्रौढांना हा विषाणू लहानपणीच होऊन गेलेला असतो; अशा माणसाच्या टी-पेशी बशीतही त्याला ओळखतात आणि लागण झालेल्या बी-पेशींना मारून टाकतात. म्हणून टी-पेशी आधीच बाजूला काढाव्या लागत, नाहीतर सायक्लोस्पोरिन घालून त्यांचे हात बांधावे लागत. हरप्रयत्नाने मिळवलेला शेजार इथे वैरी ठरला.

या सगळ्यावर उंदराने कडी केली. केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सेसर मिल्स्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि उंदराचीच कर्करोगी पेशी यांचा संकर केला. एकीने कसब दिलं, दुसरीने अमरपण. ऑगस्ट १९७५ मध्ये ‘नेचर’मध्ये तो लेख आला आणि १९८४ मध्ये येर्ने यांच्यासह दोघांना नोबेल मिळालं. दहा वर्षांत उंदराची एकसुरी, म्हणजे सगळी एकाच घडणीची, प्रतिपिंडं कित्येक रोगनिदान संचांत जाऊन बसली. औषध म्हणून मात्र ती अंगी लागेनात, कारण माणसाचं शरीर उंदराच्या प्रथिनाला परकं मानून त्याच्यावरच प्रतिपिंडं बनवतं. माणसाच्या पेशींचा तसाच संकर स्टॅनफर्डमध्ये १९८० मध्ये झाला, पण संकरासाठी लागणारी तितकी भरवशाची मानवी कर्करोगी पेशी हाती नव्हती. माणसाची बी-पेशी चेतवायची तर तिच्या शेजाऱ्यांची भाषा शिकण्याला पर्याय राहिला नाही.

ही भाषा जपानमध्ये उलगडली गेली. तादामित्सु किशिमोतो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये होते. तिथे त्यांना दिसलं, की टी-पेशी ज्या द्रवात वाढल्या तो नुसता द्रव ओतला तरी बी-पेशी कामाला लागतात. म्हणजे शेजारीण स्वतः नको, तिचा निरोप पुरतो. ओसाकाला परतल्यावर त्यांच्या गटाने विषाणूने अमर केलेल्या एका मानवी बी-पेशींच्या वाणाचा मोजपट्टीसारखा वापर करून निरोप्या प्रथिनाचा माग काढला. तोशिओ हिरानो यांना या शोधात एक अनपेक्षित खाण सापडली होती. क्षयरोग्यांच्या फुप्फुसाभोवती साचणारं पाणी काढावं लागतं. त्यातल्या पेशी क्षयाच्या प्रथिनाने डिवचल्या की हा निरोप भरभरून सोडत. १९८६ मध्ये त्या प्रथिनाचं जनुक हाती आलं आणि पुढे त्याला इंटरल्यूकिन-६ हे नाव मिळालं.

हे नाव महाराष्ट्रातल्या कित्येक घरांना वेगळ्या कारणाने पाठ झालं. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या रुग्णांच्या तपासण्यांत ‘आयएल-६’चा आकडा असे, आणि तो फार वाढला की डॉक्टर टोसिलिझुमॅब लिहून देत. त्या एका कुपीसाठी नातेवाइकांनी मुंबई-पुण्यात पायपीट केली. ते औषध किशिमोतो यांच्याच कामातून आलं. बी-पेशीला चेतवणारा निरोप शोधता शोधता, तो निरोप अडवणारं औषध हाती लागलं होतं.

निरोपांनी काम भागतं का? पुरतं नाही. टी-पेशी बी-पेशीला नुसती लांबून हाक मारत नाही, तिला स्पर्शही करते. बी-पेशीच्या अंगावर सीडी-४० नावाची कळ असते आणि टी-पेशीच्या अंगावर ती दाबणारं बोट असतं. फ्रान्समध्ये ल्यों शहराजवळ जाक बांशरो यांच्या गटाने बनावट शेजारीण उभी केली. त्यांनी उंदराच्या त्वचेखालच्या ऊतीतली साधी पेशी घेतली, किरणोत्सर्गाने तिची वाढ थांबवली आणि तिच्या अंगावर सीडी-४०ची कळ दाबणारं प्रतिपिंड टांगलं. द्रवात इंटरल्यूकिन-४ घातलं. माणसाच्या बी-पेशी या पुतळ्याच्या आधाराने कित्येक आठवडे वाढत राहिल्या, विषाणूशिवाय आणि खऱ्या टी-पेशीशिवाय. हा लेख १९९१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला.

दोनच वर्षांत निसर्गाने या प्रयोगाला पुरावा दिला. काही मुलग्यांच्या रक्तात पहिल्या फळीची, आयजीएम प्रकारची, प्रतिपिंडं भरपूर असतात आणि नंतरच्या प्रकारांचा दुष्काळ असतो. १९९३ मध्ये कळलं, की त्यांच्या टी-पेशींवरचं ते कळ दाबणारं बोटच सदोष आहे. त्याच मुलांच्या बी-पेशी बशीत घेतल्या आणि बाहेरून कळ दाबली, तर त्या पुढच्या प्रकारची प्रतिपिंडं बनवू लागल्या. कारागीर शाबूत होता, सांगणारं कुणी नव्हतं.

तिसरी खूण चुकून सापडली. आर्थर क्रीग डीएनएचे छोटे कृत्रिम तुकडे वापरून जनुकं बंद पाडू पाहत होते. तुलनेसाठी घेतलेल्या, काहीच परिणाम न व्हावा अशा तुकड्यांनीही बी-पेशी उसळून उठल्या. त्या तुकड्यांत सी आणि जी ही दोन अक्षरं एका विशिष्ट जोडीने होती. जंतूंच्या डीएनएत ही जोडी उघडी असते, आपल्या डीएनएत ती कमी आणि बहुतेक वेळा झाकलेली. १९९५ मध्ये आयोवा विद्यापीठातून क्रीग यांनी हे ‘नेचर’मध्ये मांडलं. मार्च २०२२ पासून आपल्याकडे १२ ते १४ वर्षांच्या मुलांना दिलेल्या कॉर्बेव्हॅक्स लशीत याच जोडीचे तुकडे मदतनीस म्हणून मिसळलेले होते.

स्वित्झर्लंडच्या बेलिन्झोना गावात अँतोनियो लांझावेकिया यांनी जुने-नवे हे सगळे धागे एका बशीत गुंफले. २००३ मध्ये सार्सची साथ आली. त्यातून बरं झालेल्या एका रुग्णाचं रक्त त्यांच्याकडे आलं. त्या रक्तातल्या ‘आठवण’ ठेवणाऱ्या बी-पेशींना त्यांच्या गटाने एप्स्टाइन-बार विषाणू दिला, सोबत क्रीग यांचे डीएनएचे तुकडे दिले, आणि वाढ थांबवलेल्या दुसऱ्या पेशींचा शेजारही दिला. एरवी शंभरांत दोन-चार पेशींवर थांबणारं यश कित्येक पटींनी वाढलं. सार्सचा विषाणू निष्प्रभ करणारी माणसाची प्रतिपिंडं काही आठवड्यांत हाती आली, लेख २००४चा.

ही पद्धत जुन्या आठवणींपर्यंत पोचू शकत होती. काँगोतल्या किकविट शहरात १९९५ मध्ये इबोलाची साथ आली होती. ३१५ जणांना लागण झाली आणि त्यांतले अडीचशेच्या आसपास दगावले. वाचलेल्या एका व्यक्तीचं रक्त ११ वर्षांनी, २००६ मध्ये घेतलं गेलं. त्यातल्या बी-पेशींना साथ आठवत होती. बशीत त्या पेशींकडून मिळालेल्या प्रतिपिंडांतलं एक, एमएबी-११४, माकडांमध्ये इबोलाला थोपवू शकलं आणि २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. नोव्हेंबर २०१८ मध्ये काँगोतच, चालू साथीत, त्याची चाचणी सुरू झाली. तुलनेच्या झेडमॅप या औषधावर असलेल्या रुग्णांतले ४९.७ टक्के २८ दिवसांत दगावले. एमएबी-११४ मिळालेल्यांत हे प्रमाण ३५.१ टक्के होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथले दोन कमकुवत पर्याय थांबवण्यात आले आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने एमएबी-११४ला औषध म्हणून मान्यता दिली.

सार्सच्या आठवणीचं नशीब इतकं लांब टिकलं नाही. २००३ मध्ये सार्स होऊन गेलेल्या माणसाचं २०१३ मध्ये पुन्हा घेतलेलं रक्त जपून ठेवलं होतं. २०२० मध्ये त्यातल्या पेशींपासून मिळालेलं एक प्रतिपिंड नव्या कोरोना विषाणूलाही चिकटतं असं दिसलं. त्यावर बेतलेलं सोट्रोव्हिमॅब मे २०२१ मध्ये अमेरिकेत तातडीच्या वापरासाठी आलं. विषाणूने रूप बदललं आणि एप्रिल २०२२ मध्ये तिथला वापर थांबला.

आज बहुतेक प्रयोगशाळा विषाणूचीही मदत घेत नाहीत. बी-पेशी एकेकटी एका खळग्यात ठेवायची, सीडी-४०ची कळ दाबणारी बनावट शेजारीण सोबत द्यायची आणि इंटरल्यूकिन-२ व २१ घालायचं, की दोनेक आठवड्यांत पेशी बोलू लागते. एचआयव्हीच्या बहुतेक वाणांना अडवणारी काही प्रतिपिंडं अशाच धर्तीच्या थोड्या दिवसांच्या संवर्धनातून मिळाली. २००९ मध्ये एका आफ्रिकी दात्याच्या सुमारे ३०,००० बी-पेशी चाळून पीजी-९ आणि पीजी-१६ निघाली.

आणि तरीही एक काम या पुतळ्यांना जमत नव्हतं. हे सगळे प्रयोग आठवण असलेल्या पेशींचे होते. कधीच न पाहिलेल्या शत्रूवर माणसाची पेशी बशीत नव्याने प्रतिपिंड घडवेल, ते आणखी नेमकं करत जाईल, हे मिशेल-डटन यांनी उंदरात दाखवलेलं काम मानवी पेशींत अर्धवटच जमलं होतं. स्टॅनफर्डमध्ये लिसा वॅगर आणि मार्क डेव्हिस यांनी त्यासाठी शस्त्रक्रियेत काढलेले टॉन्सिल घेतले. एरवी ते रुग्णालयाच्या कचऱ्यात जातात. त्यांच्या सगळ्या पेशी, कुठलीही निवड न करता, सच्छिद्र पडद्यावर दाटीवाटीने ठेवल्या आणि फ्लूची लस घातली. काही दिवसांत पेशी आपापसांत घोळके करून बसल्या, लसिकाग्रंथीत असतात तसे कप्पे पाडले, आणि लसीविरुद्धची प्रतिपिंडं सोडू लागल्या. हा लेख २०२१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. पन्नास वर्षं एकेक शेजारी वेगळा काढून ओळखल्यावर, सगळी वस्ती पुन्हा एकत्र ठेवण्याचीच पाळी आली.

लस घेतल्यानंतर शरीरात आठवणीच्या किती बी-पेशी उरल्या, हे मोजायचं एक प्रचलित तंत्र आहे. रक्तातल्या पेशी पाच-सहा दिवस बशीत चेतवायच्या आणि मग प्रत्येक पेशीभोवती उमटणारा ठिपका मोजायचा. चेतवण्यासाठी जे मिश्रण वापरतात त्यात क्रीग यांचे डीएनएचे तुकडे असतात, आणि कित्येक प्रयोगशाळांत त्यांच्या जोडीला रस्त्याकडेच्या त्या झुडपाचा, पोकवीडचा, अर्क अजूनही असतो.